दात असूनही बलीनवाल्यांतलाच

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जॅनजूसीटस या ऑस्ट्रेलियातील नामशेष देवमाशावर आलेले टिपण मी दोनदा वाचले. घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या साताऱ्यातल्या वाचकांसाठी देवमाशाच्या कवटीला अर्धे पान दिलेत, याबद्दल आभार. मात्र टिपणातील चौकटीत या प्राण्याला दात असल्यामुळे तो डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल यांच्या गटातला ठरवला आहे, आणि मथळ्यात त्यालाच ‘निळ्या देवमाशाचा पणजोबा’ म्हटले आहे. निळा देवमासा तर दातांऐवजी बलीन, म्हणजे तोंडात गाळणी असलेल्या दुसऱ्या गटातला; त्यामुळे ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे दोन्ही चुकीची आहेत. एरवी मी पत्र लिहिले नसते; पण आमच्या भागातील काही मुलांनी तुमच्या चौकटीवरून विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला, त्यात ‘दात’ आणि ‘बलीन’ असे दोन रकाने आखले, जॅनजूसीटसला पहिल्या रकान्यात बसवले, आणि परीक्षकांनीही त्यावर बरोबरची खूण केली.

बलीन म्हणजे हाड नव्हे. आपली नखे ज्या केराटिनची असतात त्याच द्रव्याच्या, टाळूपासून लोंबणाऱ्या आणि आतल्या कडेला झालरीसारख्या उसवलेल्या या पट्ट्या असतात. पाणी बाहेर सोडून भक्ष्य आत अडवणे हे त्यांचे काम. आजच्या सगळ्या बलीनधारी देवमाशांना दात नसतात, हे खरे. म्हणूनच ‘दात असेल तर तिकडचा, नसेल तर इकडचा’ ही वाटणी सोपी वाटते. परंतु याच देवमाशांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात. त्यांच्या पूर्वजांना दात होते, याची ही खूण आजही दिसते. मग ज्या काळात या घराण्याचे दात अजून गेलेले नव्हते, त्या काळातील प्राण्याला केवळ दात आहेत म्हणून घराण्याबाहेर कसे काढता येईल?

वर्गात मी हा मुद्दा बोकडाच्या मुंडीवरून समजावत असे. बोकडाच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. म्हणून कोणी त्याला बिनदातांच्या प्राण्यांत घालत नाही. गट ठरतो तो संपूर्ण सांगाड्यावरून. देवमाशांच्या बाबतीत पाहायचे ते वरच्या जबड्याचे हाड. डॉल्फिनच्या गटात हे हाड मागे सरकत जाऊन डोळ्याच्या वरच्या बाजूच्या हाडावर चढलेले असते, तर बलीनवाल्यांत ते डोळ्याच्या खाली पसरते आणि मुस्कट बुडाशी रुंद होते. एरिक फिट्झजेराल्ड यांनी 2006 मध्ये जॅनजूसीटसचे वर्णन केले तेव्हा या कवटीत त्यांना बलीनवाल्यांची ठेवण दिसली. व्हिक्टोरिया राज्यातील जॅन जक येथील किनाऱ्यावर सापडलेली ही कवटी सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीची आहे, डोळ्यांच्या खोबणी विलक्षण मोठ्या आहेत, आणि दात मांस फाडायला योग्य असे धारदार आहेत. निळा देवमासा मनात ठेवून तिच्याकडे पाहणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, हे मला मान्य आहे.

जबड्याचा प्रश्न मला याहून रंजक वाटतो. शिजलेल्या मुंडीचा खालचा जबडा हातात घेतला, की हनुवटीपाशी थोडा जोर लावताच त्याचे दोन भाग सुटतात, कारण तिथला सांधा हाडाने पक्का बुजलेला नसतो. आजच्या बलीनधारी देवमाशांत हा सांधा त्याहूनही सैल, लवचीक असतो, आणि त्यामुळेच त्यांना प्रचंड तोंड उघडून पाण्याचा घोट घेता येतो. जॅनजूसीटसच्या खालच्या जबड्याचा अभ्यास फिट्झजेराल्ड यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो सांधा मात्र प्राचीन देवमाशांसारखा घट्ट निघाला. म्हणजे मुस्कट आधी रुंद झाले आणि जबडा सैल झाला तो पुढे. गाळून खाण्याची सोय या घराण्यात टप्प्याटप्प्याने आली; हा प्राणी बहुधा भक्ष्य तोंडात ओढून घेत असावा. आपल्या टिपणात ही गोष्ट असती तर चौकटीची गरजच उरली नसती.

दातांनी तज्ज्ञांनाही चकवले आहे, म्हणून आपल्या लेखकाला मी फार दोष देत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडलेल्या एटिओसीटसचे वर्णन डग्लस एमलाँग यांनी 1966 मध्ये केले, तेव्हा दात पाहून त्यांनी त्याला प्राचीन देवमाशांच्या आर्किओसेटी गटात टाकले. दोनच वर्षांनी ली व्हॅन व्हेलन यांनी त्याला बलीनवाल्यांच्या मिस्टिसेटी गटात आणले. एटिओसीटसच्याच दुसऱ्या एका जातीच्या टाळूवर दातांच्या ओळीला लागून बारीक छिद्रे दिसतात. आजच्या देवमाशांत अशा छिद्रांतून बलीनला रक्तपुरवठा होतो, म्हणून त्या प्राण्याला दात आणि बलीन दोन्ही असावेत, असे 2008 मध्ये मांडले गेले. ते सर्वांना पटलेले नाही, कारण बलीन स्वतः क्वचितच जीवाश्मरूपाने टिकते.

आता पणजोबाविषयी. पेरूमधील मिस्टाकोडॉन सुमारे 3.64 कोटी वर्षांपूर्वीचा आणि अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावरील लानोसीटस सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीचा. दोघेही दात असलेले बलीनवाले आणि दोघेही जॅनजूसीटसहून कितीतरी जुने. शिवाय त्याच्या काळात दात गमावलेले बलीनवाले समुद्रात वावरतही होते. त्यामुळे मॅमॅलोडोंटिडी या कुलातला हा प्राणी पणजोबा नव्हे, भाऊबंद. आणि त्याची शाखा पुढे खुंटली. (‘मासा’ या शब्दाबद्दल मी भांडत नाही. हा सस्तन प्राणी आहे हे शाळेत शिकूनही आपण सगळे देवमासाच म्हणणार.)

अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे पृथ्वीवरच्या पहिल्या देवमाशाहूनही जुना. तेव्हा त्यात देवमाशाचे हाड मिळणे नाही. आपल्याकडे ते शोधायचे तर कच्छला जावे लागते. साहजिकच इथल्या मुलांना या विषयाचे जे काही कळते ते छापील मजकुरातूनच. पुढच्या रविवारी त्याच पानावर चार ओळींची दुरुस्ती छापावी, एवढी विनंती. तक्ता अजून वर्गाच्या भिंतीवर आहे, आणि दुरुस्ती आली की ‘दात’ आणि ‘बलीन’ हे रकाने खोडून तिथे ‘वरच्या जबड्याचे हाड डोळ्याच्या वर’ आणि ‘डोळ्याच्या खाली’ असे लिहायचे मुलांनी ठरवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सातारा