विषय : न्यूयॉर्कची ‘खास संध्याकाळ’ आणि ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
परदेश सहली, मुख्य कार्यालय, मुंबई

कोल्हापूर, दि. १८ जून २०२५

महोदय,

मे महिन्यात आपल्या कंपनीबरोबर मी आणि माझे पती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या सहलीला गेलो होतो. सहल एकंदरीत बरी झाली. बस स्वच्छ होती, नायगाराला हवा चांगली मिळाली, सकाळच्या पोह्यांबद्दलही माझं काही म्हणणं नाही. तक्रार एकाच संध्याकाळची आहे, पण त्या संध्याकाळीसाठीच आम्ही ही सहल निवडली होती. हे आपल्या कोल्हापूरच्या कार्यालयात बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून पत्र थोडं लांबेल. मी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कर्ज विभागात. कागद जपून ठेवायची सवय आहे आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचायचीही.

२४ मे २०२५ ला आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली. आपल्या माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर ‘आठवणीतली खास संध्याकाळ’ या नावाखाली न्यूयॉर्कच्या ‘कीन्स’ या जुन्या स्टेकहाउसमध्ये (मुख्यतः बीफच्या भाजलेल्या तुकड्यांसाठी ओळखलं जाणारं उपाहारगृह) दोघांसाठी जेवण, केक, शुभेच्छापत्र आणि टिपसह सर्व खर्च, असं छापलं आहे. दर माणशी २३,००० रुपये, सहलीच्या पैशांव्यतिरिक्त. शेजारी त्या जागेच्या छताचा फोटो आहे, ओळीने टांगलेल्या मातीच्या चिलमींचा. माझ्या पतींनी तो फोटो पाहिला आणि घरात दुसरा विषय राहिला नाही.

आपल्याला वाटेल, एका जेवणाचं एवढं काय. तर आमचे हे कोल्हापूरचे. गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी सातच्या आत मटणाच्या दुकानात पहिल्या पाचात असतात. चाप, सीना, रान, नळी यांवर ते जितकं बोलतात तितकं आमच्या मुलाच्या शिक्षणावरही बोलले नसतील. कीन्सची ख्याती मटण चॉपची आहे, पाऊण किलोच्या घरातला एकच जाडजूड तुकडा. १९३५ साली त्यांनी दहा लाखावा चॉप वाढला, हे यांनी मला किमान दहा वेळा ऐकवलं. आम्ही दोघंही बीफ खात नाही. स्टेकहाउसमध्ये जाऊन आपल्याला खाता येईल असा पदार्थ, आणि तोच तिथला सर्वांत नावाजलेला, हा योग त्यांना देवाने जुळवून आणल्यासारखा वाटला. तिकडचं मटण मेंढीचं असतं असं भाच्याने फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “मग बोल्हाईचंच की! त्यात काय.” (मेंढीच्या मटणाला आपल्याकडे बोल्हाईचं म्हणतात.)

माझं कारण वेगळं होतं. ती जागा १८८५ सालची, आमचं लग्न १९८५ चं, हा बरोबर शंभर वर्षांचा हिशेब मला आवडला. पण त्याहून आवडली ती तिथली एक गोष्ट. पूर्वी तिथे फक्त पुरुषांना प्रवेश होता. लिली लँगट्री नावाच्या ब्रिटिश नटीला आत घेतलं नाही, तेव्हा १९०५ साली तिने सरळ खटला भरला, जिंकला, आणि आत जाऊन मटण चॉप मागवला. मला त्या खोलीत बसून जेवायचं होतं. चिलमींचंही तसंच. जुन्या इंग्लंडमध्ये लांब दांड्याची मातीची चिलीम प्रवासात मोडायची, म्हणून माणसं ती आपल्या नेहमीच्या खाणावळीत ठेवून जात. कीन्सने ती रीत चालवली. गिऱ्हाइकाच्या चिलमीची वहीत नोंद व्हायची आणि तो आला की पोऱ्या ती काढून आणून द्यायचा. थिओडोर रूझवेल्ट, आइन्स्टाइन, बेसबॉलवाला बेब रूथ, सगळ्यांची नावं त्या यादीत आहेत. पन्नास हजारांहून जास्त चिलमी आहेत म्हणतात. ठेवीदाराची वस्तू सांभाळून ठेवून मागितल्यावर परत देणारी संस्था, मला तर ती बँकच वाटली.

आता २४ तारखेला काय झालं ते सांगते.

त्या दिवशी दुपारी दोन ते चार असा वेळ वुडबरी कॉमन या शहराबाहेरच्या सवलतीच्या दुकानांच्या संकुलासाठी होता. मेमोरियल डेच्या सुट्ट्यांमुळे तिथे सेल आणि पंढरपूरसारखी गर्दी. आपल्या टूर मॅनेजरनी लोकांच्या आग्रहावरून वेळ वाढवत वाढवत पावणेसहा केले. कीन्सचं टेबल साडेसातचं आहे, ही आठवण मी त्यांना तीनदा करून दिली. “काकू, टेन्शन घेऊ नका, मी आहे ना,” असं उत्तर तिन्ही वेळा मिळालं. शहरात शिरायलाच आठ वाजले. मग बसमध्येच त्यांनी सांगितलं की उशीर झाल्यामुळे ते टेबल गेलं, पण त्यांनी ‘त्याच तोडीच्या’ दुसऱ्या स्टेकहाउसमध्ये सोय केली आहे. यांनी खास त्या दिवसासाठी शिवलेला कोट घातला होता. काही बोलले नाहीत. मीही त्या क्षणी भांडले नाही, हे आता चुकलं असं वाटतं.

ते दुसरं हॉटेल टाइम्स स्क्वेअरजवळ होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांची काही चूक नाही. चकचकीत, नवं, मोठ्या आवाजात गाणी लावलेलं. टूर मॅनेजर आम्हाला दारात सोडून बाकीच्या मंडळींबरोबर गेले. आम्ही बसलो आणि न मागवताच जेवण यायला लागलं, कारण ठरावीक थाळी आधीच सांगून ठेवली होती. आधी सॅलड. नंतर दोन मोठ्या गरम ताटल्या, त्यावर चुरचुरत असलेले गोमांसाचे दोन स्टेक.

बुकिंगच्या फॉर्मवर आहाराच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं आहे : ‘मांसाहारी. बीफ व पोर्क चालत नाही.’ त्याची छायाप्रत जोडली आहे. आपल्या कार्यालयातून पुढे गेलेल्या यादीत मात्र आमच्या नावापुढे एकच शब्द आहे, ‘नॉनव्हेज’. ही यादी टूर मॅनेजरनीच नंतर मला दाखवली. म्हणजे कुणीतरी टाइप करताना माझी एक अख्खी ओळ गिळली. ताटल्या समोर आल्यावर यांनी खुर्ची मागे सरकवली. चाळीस वर्षांत मी यांना ताटावरून उठताना पाहिलं नव्हतं, अळणी भाजीच्या दिवशीसुद्धा नाही. वेटर भला माणूस होता. काय झालं ते कळल्यावर त्याने ताटल्या लगेच उचलल्या, माफी मागितली आणि जादा पैसे न लावता दोघांना सॅमन मासा आणून दिला. मटण आहे का, विचारलं. नव्हतं. तेव्हा लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला माझ्या पतींनी अर्धा मासा, उकडलेला बटाटा आणि पालकाचं काहीतरी दुधाळ मिश्रण खाल्लं.

केक आला. सोबत आपल्या कंपनीचं छापील कार्ड होतं, त्यावर ‘हॅपी सिल्व्हर ज्युबिली’. मधली पंधरा वर्षं आपण कुठे जमा केलीत ते कळवावं.

आता पैशांचं. वेटरने बिलाचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. रक्कम आपल्या कंपनीच्या कार्डावर घेतलेली होती, फक्त टिपची जागा कोरी. थाळी ८९ डॉलरची, दोन थाळ्यांचे १७८, त्यावर न्यूयॉर्कचा ८.८७५ टक्के कर धरून १९३ डॉलर ८० सेंट. त्या दिवशीच्या भावाने ढोबळ साडेसोळा हजार रुपये. आमच्याकडून घेतले ४६,०००. केकचे आणि त्या कार्डाचे किती धरायचे ते आपणच ठरवा. टिप आपल्या खर्चात असल्याचं पत्रकात छापलेलं असूनही ती कुणी दिली नव्हती. तिकडे वीस टक्क्यांच्या आसपास टिप देण्याची रीत आहे आणि वेटर लोकांचं पोट मुख्यतः तिच्यावरच चालतं. त्या माणसाने आमच्यासाठी केलं ते पाहता मी ३६ डॉलर रोख ठेवले. पावतीवर त्याची सही घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या रांगेत उभे होते. यांनी मला हळूच विचारलं, “छत्तिसावा रस्ता इथून लांब आहे का गं?” कीन्स त्याच रस्त्यावर आहे. लांब नव्हता, पाच-सात मिनिटं. आम्ही रांग सोडली आणि चालत गेलो. रविवारची सकाळ, दार बंद. हे दाराशी उभे राहिले, मी फोटो काढला. म्हणाले, “उंबऱ्यापर्यंत तर आलो.” मग रांगेतला नंबर जायला नको म्हणून परत फिरलो.

इथपर्यंत मला वाटत होतं की उशिरामुळे टेबल गेलं. चूक, पण माणसाकडून होणारी. कोल्हापूरला परतल्यावर मात्र न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या माझ्या भाच्याने कीन्सला फोन केला. २४ मे रोजी आमच्या नावाने किंवा आपल्या कंपनीच्या नावाने तिथे आरक्षण नव्हतंच. रद्द झालेलंही नव्हतं. केलेलंच नव्हतं. आणि दुसऱ्या हॉटेलच्या बिलावर आरक्षणाची तारीख २ मे आहे. म्हणजे आम्ही विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, वुडबरीचा सेल, रस्त्यावरची गर्दी, यातलं काहीही घडायच्या आधी, आम्हाला तिकडे न्यायचं नाही हे आपण ठरवलेलं होतं. मग ती बसमधली उशिराची गोष्ट कशासाठी रचली? टूर मॅनेजरना हे माहीत होतं की त्यांनाही अंधारात ठेवलं होतं? पोरगा कामसू आहे, त्याच्या एकट्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये, म्हणून मुद्दाम विचारते.

४ जूनला मी आपल्याला ईमेल केला. ६ जूनला उत्तर आलं. त्यात उशिराचा उल्लेख नाही. त्यात लिहिलं आहे की माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरील अटींनुसार सर्व हॉटेल व उपाहारगृहं ‘नमूद केलेली किंवा तत्सम’ असतात, आणि आपण दिलेलं स्टेकहाउस तत्सम होतं.

साहेब, झोपायच्या खोलीला ‘किंवा तत्सम’ चालतं. पलंग, गरम पाणी, दाराला कडी, झालं. नाश्त्यालाही चालेल. पण एखाद्या जागेचा १४० वर्षांचा इतिहास सांगून, तिच्या छताचा फोटो छापून, त्या इतिहासाचेच माणशी २३,००० लावायचे आणि मग तत्सम म्हणायचं? गिऱ्हाइकाने रायगड दाखवा म्हटलं तर त्याला तटबंदीच्या आकाराच्या रिसॉर्टवर नेऊन तत्सम म्हणाल का? कर्जाला सोनं तारण ठेवणाऱ्याला उद्या मी तत्सम पितळ परत दिलं असतं तर माझी पेन्शन राहिली नसती. आणि तत्समच म्हणायचं तर निदान मटण तरी असायला हवं होतं.

माझ्या मागण्या अशा. खास संध्याकाळीचे ४६,००० रुपये आणि त्यावर घेतलेला कर पूर्ण परत मिळावा. टिपचे ३६ डॉलर भरून द्यावेत. झालेल्या मनस्तापापोटी २५,००० रुपये द्यावेत. हा आकडा मी कमीच धरला आहे, आमचे हे तर काहीच मागू नको म्हणत होते. कीन्सचं आरक्षण का केलं नाही आणि दुसरं कुणाच्या सांगण्यावरून केलं, याचं लेखी उत्तर द्यावं. आणि माझ्या पतींच्या नावे माफीचं पत्र पाठवावं, माझ्या नावे नको. पुढच्या पत्रकात आरक्षण करणार नसाल तर त्या छताचा फोटो छापू नये. परवा आपल्या शाहूपुरीच्या कार्यालयात गेले होते, तिथे तेच पत्रक अजून ठेवलेलं आहे.

हे पत्र पोहोचल्यापासून १५ दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आपल्या अटींमध्ये ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायकक्षेत’ असं छापलंय, ते वाचलं आहे. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला यावं लागेल ते आपल्याला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

सोबत माहितीपत्रकाचं पान ११ आणि शेवटचं पान, बुकिंग फॉर्म, पैसे भरल्याच्या पावत्या, हॉटेलच्या बिलाचा फोटो, टिपची पावती, आपला ६ जूनचा ईमेल आणि ते सिल्व्हर ज्युबिलीचं कार्ड. कार्डाची मूळ प्रतच पाठवते आहे, आम्हाला तिचा उपयोग पंधरा वर्षांपूर्वी होता.

आपली ग्राहक,
कोल्हापूर

ता. क. ९ जूनला आपल्या कार्यालयातून घरी फोन आला होता आणि गोव्याच्या सहलीवर ५,००० रुपये सवलतीचं कूपन देऊ केलं गेलं. फोन यांनी घेतला आणि सवयीने “बरं बरं, बघू” म्हणाले. तो होकार समजू नये. यापुढे उत्तर लेखीच द्यावं आणि ते माझ्या नावे यावं. माफीचं पत्र तेवढं त्यांच्या नावे.