माको, अल्बाट्रॉस आणि एकच गळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला समुद्री जीवांवरचा लेख वाचला. त्यात माको शार्क ‘मारेकरी’ आणि भटका अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी ‘आकाशाचा यात्रिक’ ठरला आहे. ही वाटणी काही पटली नाही. यात्रिक महाशयही म्हाकूळ (स्क्विड) आणि मासे खाऊनच जगतात. साडेतीन मीटरपर्यंत पसरणारे पंख पाहिले की आपल्याला त्याचा विसर पडतो, एवढेच! उलट माको हा मासा असूनही त्याचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहते. आहे की नाही थोडे पक्ष्यासारखे?

लेखात राहून गेलेले खरे साम्य संसाराचे आहे. दोघांचाही संसार अतिशय सावकाश चालतो. हा अल्बाट्रॉस साधारण दहाव्या वर्षाच्या सुमारास पहिले अंडे घालतो, तेही एकच, आणि पुढचे बहुधा दोन वर्षांनी. माकोची मादी वयात यायलाच अठरा-वीस वर्षे घेते. तिचे गर्भारपण वर्षाहून अधिक चालते आणि दोन विणींमध्ये सुमारे तीन वर्षे जातात. असे प्राणी मोठ्या संख्येने मेले, तर ती तूट भरून यायला एक पिढी पुरत नाही.

आणि दोघेही मरतात ते ट्यूनासाठी सोडलेल्या मैलोगणती लांब दोरीच्या गळांवर. फरक वेळेचा आहे. दोरी सोडताना आमिष काही क्षण पृष्ठभागाजवळ तरंगते, तेव्हा अल्बाट्रॉस झडप घालतो आणि गळासकट खाली ओढला जातो. घरट्यातल्या पिल्लाला आई-बाप दोघांनी भरवावे लागते. एक गेला की पिल्लाचेही कठीणच. माकोला मात्र दोरी पाण्यात असेपर्यंत तासन्‌तास धोका असतो.

पक्ष्यांसाठी उपाय सापडले आहेत: रात्री दोरी सोडणे, बोटीमागे फडफडत्या पट्ट्या लावणे, गळाला वजन बांधणे. अल्बाट्रॉससाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून अमलात आहे. माकोच्या व्यापारावर ‘साइट्स’ने (वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराने) नियंत्रण आणले ते थेट २०१९ मध्ये. ‘मारेकरी’ म्हटल्यावर कळवळा उशिराच येणार!

पुढच्या लेखात या उपायांवर चार ओळी याव्यात, ही विनंती. कारण पक्ष्याला वाचवणारे तेच वजन आमिष झटकन खाली नेते, आणि खाली माको असतो.

आपला,
एक नियमित वाचक