काका, तुम्ही मला थांबवलेत त्याबद्दल

विंटरथूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठता, आणि परत येता ते निराळाच विषय घेऊन. असे आता तीन वेळा झाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे की, झुरिकच्या आसपास नव्याने आलेली आपली मुले अलीकडे मलाच विचारू लागली आहेत, की स्विस सैन्याने मोडीत काढलेली जुनी रायफल घ्यायची तर काय करावे लागते; आणि मी जे उत्तर देतो त्यातले माझे असे काहीच नसते. तुमचे नाव लिहायचे नाही ही तुमची अट मात्र पाळली आहे.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याकडे निवासाचा बी परवाना होता आणि डोक्यात काराबिनर एकतीस ही जुनी स्विस सैनिकी रायफल भरली होती. महाविद्यालयात असताना एनसीसीत पॉइंट टू टू रायफलने झाडलेल्या मोजक्या गोळ्या एवढीच माझी पूर्वतयारी. मी सगळी माहिती काढूनच आलो होतो: बी परवान्यावरच्या परदेशी माणसाला साध्या बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा दर वेळी हाताने ओढायच्या, रायफलीसाठीही शस्त्रखरेदीचा परवाना लागतो, शिवाय या माणसाला शस्त्र घेण्याचा अधिकार आहे असे मायदेशातील अधिकाऱ्यांचे पत्रही द्यावे लागते. ते मिळवण्यासाठी साताऱ्याच्या भावाला कामाला लावायचे मी ठरवून टाकले होते. तुम्ही सगळे शांतपणे ऐकून घेतलेत आणि विचारलेत, ‘‘कायम निवासाचा सी परवाना कधी मिळणार?’’ मी म्हणालो, सव्वा वर्षाने. ‘‘मग सव्वा वर्षाने घ्या. तोवर शनिवारी माझ्या रायफलवर या. भावाला कचेरीच्या पायऱ्या कशाला झिजवायला लावता?’’ त्या दिवशी घरी जाताना मला तुमचा रागच आला होता, हे आज कबूल करतो.

पुढचे तीन शनिवार तुम्ही मला एकही गोळी दिली नाहीत. रिकाम्या रायफलवर बोल्ट मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा, एवढेच काम. आपल्याकडच्या थ्री नॉट थ्रीचा बोल्ट आधी वर उचलून मग मागे घ्यावा लागतो. हिची मूठ सरळ मागे येते आणि सरळ पुढे जाते, कुलूप लावण्याचा वळसा आतला भाग आपला आपण घेतो. १८८९ साली रुडोल्फ श्मिट यांची ही सरळ ओढीची रचना आणि एडुआर्ड रुबिन यांचे काडतूस स्विस सैन्याने स्वीकारले, आणि १९३१ मध्ये बर्नच्या सरकारी कारखान्यात आडोल्फ फुरर यांनी तीच कल्पना नव्याने मांडली. बोल्ट आखूड केला, त्याला अडकवून ठेवणारे खिळे पुढे आणले, आणि बंदुकीची एकूण लांबी १९११ च्या काराबिनरएवढीच ठेवून नळी तिच्यापेक्षा सहा सेंटिमीटरने वाढवली. अभियंता म्हणून मला आजही वाटते, की शिपायाच्या हाती द्यायच्या वस्तूत इतकी नाजूक कारागिरी घालणे हा थोडा अतिरेकच होता. पण मूठ ओढली की जो आवाज येतो, तो ऐकल्यावर माझी तक्रार टिकत नाही.

चौथ्या शनिवारी काडतुसे आली. कानांवर ‘पामीर’ चढवले. मध्य आशियातल्या पर्वतरांगेचे नाव इथे कानपट्ट्यांना कसे पडले, ते तुम्हालाही सांगता आले नव्हते. तीनशे मीटरवर पालथे पडून पाहिले, तर साठ सेंटिमीटर व्यासाचे ते काळे वर्तुळ हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढे दिसत होते. पहिल्या पाच गोळ्यांपैकी दोन लक्ष्याला लागल्याच नाहीत. मी दोष चष्म्याला दिला, मग वाऱ्याला, मग तुमच्या रायफलला. तुम्ही वाद घातला नाहीत. मॅगझिन मागून घेतलेत, पाठ वळवून भरलेत आणि परत दिलेत. तिसऱ्या वेळी चाप ओढला तेव्हा आवाजच झाला नाही, कारण मला न सांगता तुम्ही मध्ये एक खोटे काडतूस घातले होते. आणि त्या शांततेत रायफलचे तोंड खाली झुकलेले सगळ्यांनी पाहिले. धक्का बसण्याआधीच मी धक्क्याला घाबरत होतो. शेजारच्या गादीवरचे आजोबा मनमोकळे हसले. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

त्यानंतर चापाचे दोन टप्पे तुम्ही मला ज्या रीतीने शिकवलेत, तसे कोणी शिकवताना मी पाहिलेले नाही. पहिला टप्पा सैल असतो. तो संपला की बोटाला एक भिंत लागते. त्या भिंतीशी थांबायचे, अर्धा श्वास सोडायचा आणि मग दाब असा वाढवायचा की गोळी कधी सुटेल हे आपल्यालाही कळू नये. नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर ठेवायची. लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, माशी धूसर दिसता कामा नये. आणि ती माशी काळ्या वर्तुळाच्या मध्यात न धरता त्याच्या खालच्या काठाशी, घड्याळाच्या सहाच्या जागी टेकवायची. नेम धरण्याला आपल्या भाषेत ‘शिस्त धरणे’ म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा पन्नास वर्षे इथे काढलेल्या तुम्हाला आजोळच्या चांदमारीच्या मैदानाची आठवण झाली होती, आणि त्या दिवशी सरावापेक्षा गप्पाच जास्त झाल्या.

त्याच उन्हाळ्यातला १ ऑगस्ट २०२४ मी विसरणार नाही. स्वित्झर्लंडचा राष्ट्रदिन, गावात संध्याकाळच्या होळीची तयारी चाललेली, आणि दुपारी तुमचा फोन: कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या नेमबाजीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या त्याच प्रकारात स्वित्झर्लंडच्या कियारा लिओनेने सुवर्ण जिंकले. शनिवारी चांदमारीवर तुम्ही दोन्ही पदकांचे पेढे वाटलेत, आणि स्वप्निलचा राधानगरी तालुका कुठे आला हे नकाशावर दाखवत सगळ्यांना तासभर अडकवून ठेवलेत.

सी परवाना हाती आल्यावर आपण लुत्सर्नच्या शस्त्रसंग्राहकांच्या बाजाराला गेलो. तिथे एका विक्रेत्याकडची रायफल मला पाहताक्षणी आवडली होती: दस्ता आरशासारखा चकचकीत, धातू निळाकाळा, किंमतही चढी. तुम्ही ती हातात घेतलीत, लाकडावरून अंगठा फिरवलात आणि खाली ठेवलीत. लाकूड घासून पॉलिश केलेले होते, त्यामुळे मूळच्या खुणांचे काठ बोथट झाले होते. आणि बोल्टवरचा क्रमांक रायफलच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मी तरीही पाकीट काढलेच होते. तेव्हा तुम्ही मराठीत, म्हणजे विक्रेत्याला कळू नये अशा बेताने म्हणालात, ‘‘स्थळ पाहायला आलोय, वरात घेऊन नाही.’’

मग तीन तास फिरून जी सापडली ती दिसायला अगदी सामान्य आहे. १९४३ सालची, अक्रोडाच्या लाकडाची. दस्त्याचा खालचा भाग काळवंडलेला आणि ठेचलेला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो बर्फाचा आणि खिळ्यांच्या बुटांचा प्रताप. पण बोल्ट आणि रायफल यांचा क्रमांक एक, बोल्ट काढून उजेडाकडे धरल्यावर गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे काठापर्यंत स्पष्ट, आणि धातूवर ‘पी’ हे अक्षर, म्हणजे सेवा संपवून ती घरी घेऊन गेलेल्या शिपायाची खासगी मालमत्ता झाल्याची खूण. १९३३ ते १९५८ या काळात अशा सुमारे सव्वापाच लाख रायफली बनल्या. त्यातली ही एक, २८० फ्रँकला. त्याच वेळी मी तुम्हाला विचारले होते, की आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाने सैनिकी बंदूक का बाळगावी. तुम्ही म्हणालात, ‘‘हिच्या देशाने हिला युद्धात नेलेच नाही, म्हणून.’’ १९३९ साली स्विस सरसेनापती जनरल गिसाँ यांच्या हाताखाली सैन्य सज्ज उभे राहिले, वर्षानुवर्षे उभे राहिले, आणि अशा बहुतेक रायफली कागदी लक्ष्यांखेरीज काही न भेदता म्हाताऱ्या झाल्या.

सी परवाना असल्यामुळे मला लेखी करार पुरला. तो तुम्ही विक्रेत्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतलात, त्याची एक प्रत तीस दिवसांत कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, शस्त्र कार्यालयात पाठवायची त्याला आठवण करून दिलीत, आणि माझी प्रत दहा वर्षे जपायची म्हणून स्वतःच्या पिशवीतली प्लास्टिकची थैली काढून दिलीत. परतीच्या आगगाडीत बोल्ट वेगळा काढून रायफल पिशवीत घातलेली असूनही मला घाम फुटला होता. समोरच्या बाईंनी पिशवीकडे पाहिले आणि ‘‘एकतीस का?’’ एवढेच विचारले.

घरी आल्यावरचा प्रसंगही लिहायलाच हवा. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उघडली की आत पुष्कळदा शिपायाच्या नावाची, पत्त्याची आणि तुकडीची चिठ्ठी सापडते, असे तुम्ही मला वर्षभर रंगवून सांगितले होते. आम्ही दोघे आणि माझी लेक स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती जमलो, पट्टी निघाली, आणि आत काहीच नव्हते. थोडी धूळ होती. मला फारसे वाटले नाही. तुमचा चेहरा मात्र इतका उतरला की माझ्या बायकोने तुम्हाला दुसऱ्यांदा पोहे वाढले. लेकीने स्वतःच्या वहीचे पान फाडून ‘इथे माझ्या बाबांचे नाव लिहा’ म्हटले, तेव्हा तुम्ही तिला समजावलेत, की ती चिठ्ठी तुकडीतल्या शिपायाची असते, विकत घेणाऱ्याची नाही. ती जागा अजून रिकामीच आहे.

काडतुसे मी तुमच्या सांगण्याप्रमाणेच घेतो: शनिवारी मैदानावर, लागतील तेवढीच, आणि सवलतीच्या भावाने मिळालेली उरली तर तिथेच परत. १९११ सालापासून चालत आलेले ते काडतूस, ११.३ ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ७८० मीटरचा वेग. अर्ध्या सेकंदाच्या आत ती तीनशे मीटर पार करते आणि बाजूच्या पडद्यावर ठिपका उमटतो. पूर्वी खंदकात बसलेला माणूस काठीच्या टोकाची चकती हलवून गुण दाखवत असे, आणि ती पद्धत अधिक सभ्य होती, असे तुमचे मत. मला पडदाच बरा वाटतो, कारण माझी फजिती मैदानाच्या त्या टोकाला तरी कळत नाही. रायफल घरी कुलपात असते, तिचा बोल्ट दुसऱ्या कपाटात, आणि त्या दुसऱ्या कपाटाची किल्ली बायकोकडे. कायदा माझ्यासारख्यावर इतके बंधन घालत नाही, हे तिला सांगून पाहिले. तिने तुमचे नाव घेतले आणि विषय संपला.

गेल्या शनिवारी तुम्ही गुडघ्याच्या दुखण्यामुळे आला नव्हता, म्हणून इथे कळवतो: दहा गोळ्यांत ८४. एकही बाहेर नाही. आठवी गोळी चापाच्या भिंतीशी थांबूनही मला सोडावीशी वाटली नाही, कारण माशी हलत होती. मी बोट काढले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. ती दहात लागली. शेजारी तुम्ही नव्हता, तरी कोणीतरी ‘‘कसली घाई आहे?’’ म्हटल्यासारखे वाटले.

लेकीला यंदा तेरा वर्षे पूर्ण होतात. सप्टेंबरमध्ये झुरिकच्या आल्बिसग्युएट्ली मैदानावर क्नाबेनशीसेन या मुलांच्या नेमबाजी स्पर्धेत तिला भाग घ्यायचा आहे. नावात मुलगे असले तरी १९९१ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे. तिने माझ्याकडून शिकायला साफ नकार दिला आहे. गुडघा बरा झाला की तिच्यासाठी तुमचे तीन शनिवार हवेत, बिनगोळीचे. तुमची नळी साफ करायची सळई आणि ग्रीसची ट्यूब अजून माझ्याकडेच आहे, तीही तेव्हा घेऊन येतो.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
शनिवारचा विद्यार्थी