छर्‍यांची पारखही शिकवा

संपादक महोदय,

आमची सराफ बाजारात पेढी आहे. मुलगी १० मीटर एअर रायफल शूटिंग करते. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिसहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचे शॉट मधूनच भरकटायचे. श्वास, ट्रिगर, जॅकेट, सगळं तपासून झालं. शेवटी मी छर्‍यांचा डबा पेढीवर नेला आणि खड्यांच्या काट्यावर एकेक छर्रा तोलला. जेमतेम ५३० मिलिग्रॅमचा शिशाचा दाणा. पण काही दहा-बारा मिलिग्रॅम हलके भरले. भिंग लावलं तर काहींच्या मागच्या घेराची कड चेपलेली, नख रुतल्यासारखी. तो घेर नळीत घट्ट बसला नाही की हवा निसटते. या खेळात दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, मोहरीहूनही लहान!

मग ओळखीच्या फिटरकडून शिकंजा करून घेतला, त्यात रायफल आवळली आणि रेंजवर चार वेगवेगळ्या बॅचचे छर्रे मारून पाहिले. एकाच कंपनीचे, एकाच वजनाचे, तरी एका बॅचची छिद्रं एकात एक गेली आणि दुसरीची विखुरली. प्रत्येक नळीला आपली बॅच मानवते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पोर वर्षभर स्वतःलाच दोष देत राहिली, याचं फार वाईट वाटतं.

नाशिकच्या प्रत्येक रेंजवर असा शिकंजा हवा आणि महिन्यातून एक दिवस बॅच चाचणीला राखून ठेवावा. काटा मी आणीन.

– एक पालक, सराफ बाजार, नाशिक