सूचना : जर्मन मार्क नाण्यांची प्रतवारी नोंदवण्याबाबत

सर्व सभासदांस विनंती की, देवाणघेवाणीसाठी जर्मन संघराज्याच्या मार्क-फेनिग (१०० फेनिग म्हणजे १ मार्क) नाण्यांची यादी देताना प्रत्येक नाण्याचे साल आणि टांकसाळीचे अक्षर (म्युनिक डी, श्टुटगार्ट एफ, कार्ल्सरूह जी, हाम्बुर्ग जे आणि १९९० पासून बर्लिन ए) न चुकता लिहावे, कारण नाण्याचे मोल पुष्कळदा या एका अक्षरावर ठरते. १९५० सालचे ५० फेनिगचे जी अक्षराचे नाणे, ज्यावर ‘बांक डॉइचर लेंडर’ (तेव्हाच्या मध्यवर्ती बँकेचे नाव) हा जुना मजकूर राहून गेला, ते अवघे ३०,००० पाडले गेले. १९४९ च्या नाण्याचे साल बदलून त्याची नक्कल करता येत असल्याने भिंगाखाली अंक तपासल्याशिवाय ते यादीत घेतले जाणार नाही.

प्रूफ ही संग्राहकांसाठी आरशासारखे चकचकीत नाणे पाडण्याची पद्धत आहे, प्रत (नाण्याच्या स्थितीचा दर्जा) नव्हे. अशा नाण्यावरील ओरखडे व बोटांचे ठसे वेगळे नोंदवावेत.

१९५१ ते १९७४ या काळातील ५ मार्कची चांदीची नाणी (वजन ११.२ ग्रॅम, चांदी ६२.५ टक्के) कृपया घासून किंवा पावडरीने उजळू नयेत. मूळ झळाळी एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि उत्तम संग्रहांचे याहून मोठे नुकसान क्वचितच होते. पीव्हीसीच्या (नाण्यांना अपायकारक अशा मऊ प्लास्टिकच्या) पाकिटांतील नाणी त्वरित काढून घ्यावीत.