संज्यास पत्र: काकूंसाठी जागा बघताना

ठाणे, रविवार दुपार

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, खुब्याच्या ऑपरेशननंतर काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, ठेवायला चांगलं केअर सेंटर कसं ओळखायचं त्याबद्दलचा. फोनवर बोलायला गेलो तर मध्येच तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहूनच पाठवतोय. लांबलंय, निवांत वाच.

तू पाठवलेली सगळी ब्रोशर बघितली. सगळी सारखीच आहेत रे. हिरवळ, व्हीलचेअरवर हसणारी आजी (एकीत तर आजी चक्क गोरी आहे, खारघरला कुठून आली देव जाणे), चोवीस तास नर्सिंग, घरगुती सात्त्विक जेवण, सीसीटीव्ही. यावरून काय ठरवणार? ताई म्हणाली ना तुला, अमेरिकेत सरकारी साइटवर प्रत्येक नर्सिंग होमला स्टार असतात म्हणून, ते खरंय. १९८७ ला तिथे कडक कायदा आला आणि २००८ पासून एक ते पाच स्टार देतात, न सांगता होणारी तपासणी, स्टाफ किती आणि पेशंटची तब्येत कशी राहते या तीन गोष्टींवर. त्यातही स्टाफचा आकडा आधी होमवाले स्वतःच सांगायचे, आता पगाराच्या रेकॉर्डवरून घेतात, यावरून काय ते समज. आपल्याकडे तसलं काही नाही, आपल्याकडे गुगलचे स्टार, आणि ते कोण देतं तर महिन्यातून एकदा केक घेऊन येणारे नातेवाईक. त्यामुळे जाऊन बघणं हाच उपाय आणि ते तू बंगलोरहून करू शकत नाहीस, आम्ही करतो. पण काय बघायचं ते तुलाही कळायला पाहिजे, कारण सही तुझी असणार आहे.

तुझी वहिनी इतकी वर्षं ऑर्थो वॉर्डात सिस्टर आहे. ती अशा ठिकाणी गेली की लॉबीबिबी बघतच नाही, सरळ आत जाते, कोणातरी झोपून असलेल्या आजीशी गप्पा मारायला बसते, विचारते "आजी पाय दुखतात का हो", आणि आजी हो म्हणाल्या की चादर जरा वर करून टाचा बघते. टाच लाल दिसली तर बोटाने दाबते. दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, पण लाल ती लालच राहिली तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झालाय. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, ती जागा गरम किंवा टणक लागते. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस पाय हलवत नाही, टाच तशीच गादीवर दाबून राहते, म्हणून काकूंच्या बाबतीत टाचा आणि माकडहाड या दोन जागा पहिल्या. एअर बेड आहे म्हणून सांगतील. असू दे. एअर बेड असला तरी कूस बदलावी लागतेच, साधारण दर दोन तासांनी, आणि ते करायला माणूस लागतो.

आणि इथेच सगळी गोम आहे. आमच्या अण्णांच्या वेळचं तुला मी सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. घोडबंदर साइडला एका ठिकाणी ठेवलं होतं, नाव सोड, चकाचक बिल्डिंग, रिसेप्शनला फिश टँक. बेडच्या पायथ्याशी क्लिपबोर्डवर चार्ट लटकवलेला, दर दोन तासांचा रकाना, डावी कूस, उजवी कूस, पाठीवर, पुढे सही. मी एकदा दुपारी साडेतीनला पोचलो, अण्णा पाठीवर, आणि चार्टवर चार, सहा, आठ वाजताच्या सह्यासुद्धा होऊन बसलेल्या! एकाच पेनाने, एकाच घाईत. मी मावशींना विचारलं तर बिचाऱ्या म्हणाल्या, "दादा, दोघीच हाओत अख्ख्या मजल्याला, सिस्टर सकाळीच भरून ठिवतात." मावशींवर राग नाही आला मला, तिची बारा तासांची ड्युटी, पगार काय तर मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन कापून हातात येईल तो. पण अण्णांच्या माकडहाडावर तोवर जखम झाली होती, आणि ती भरायला पुढे किती महिने गेले ते तू बघितलंयस. मॅनेजर काय म्हणाला माहितीये? "सर, वयानुसार होतं." होत नाही वयानुसार. वय झालं की धोका वाढतो हे खरं, पण म्हणूनच तर पैसे देऊन ठेवतो ना आपण.

तेव्हापासून मी चार्ट आहे का हे विचारत नाही, चार्ट हातात घेऊन घड्याळ बघतो.

माणसं किती हा प्रश्नही नीट विचारायचा. "स्टाफ किती?" विचारलं की एकूण आकडा सांगतात, त्यात स्वयंपाकी, वॉचमन, ऑफिसातली मुलगी सगळे आले. तू विचार, रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात, त्यातली शिकलेली सिस्टर किती, आणि काल रात्रीचं ड्युटी रजिस्टर दाखवा. आणि हे मावशींना वेगळं विचारायचं, "किती दिवस झाले इथे?" असं सहज. सगळ्याच जणी नव्या असतील तर काहीतरी बिनसलंय. तुमच्या फ्लॅटवर ब्युरोच्या मावश्या कशा बदलत होत्या, काकूंना नावं पाठ व्हायच्या आत नवीन, तेच इथेही चालू असेल तर फ्लॅटमध्ये काय वाईट होतं?

आता काकूंसाठी सगळ्यात महत्त्वाचं. काकू आत्ता वॉकर धरून, कोणीतरी सोबत असेल तर बाथरूमला जातात, बरोबर? मग पहिल्याच दिवशी "डायपर लावू, सोयीचं पडतं" असं जिथे म्हणतील तिथून उठायचं. सोय कोणाची? उठवायला एक माणूस पाच-दहा मिनिटं अडकतो, डायपर एकदा लावला की काम संपलं. आणि मग काकू उठणंच बंद करतील, पाय आखडतील, ऑपरेशनवर केलेला खर्च आणि फिजिओने घेतलेली मेहनत पाण्यात, आणि नंतर हेच लोक सांगतील की पेशंट अंथरुणाला खिळला, आता चार्जेस वाढतील. चालता येणाऱ्या माणसाला झोपवून ठेवणं हे धंद्याला फायद्याचं आहे, कोणी मुद्दाम करतं असं नाही म्हणत, पण होतं तसं.

विसरण्याचं म्हणालास, संध्याकाळी "मला घरी सोडा" करतात, त्याबद्दलही. दुपारी चार-पाचला जाऊन बघायचं, हॉलमध्ये सगळे म्हातारे माना टाकून झोपलेले असतील तर ती शांतता नाही रे, ते बहुतेक औषध आहे. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल असली (मानसिक आजाराच्या, माणसाला गुंगवणाऱ्या गोळ्यांची) नावं चिठ्ठीत नवीन दिसली तर कोणी लिहिली, कशासाठी, कधीपर्यंत, हे विचार. कधीकधी गरज असते, नाही असं नाही. पण डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या, पेशंटला या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, २००५ पासून एकेका गटाच्या गोळ्यांवर छापायला लावलाय. ताईला विचार, तिला सापडेल लगेच.

बाकी भराभर सांगतो. जेवणाच्या वेळी जायचं, भरवणारी बसून भरवते की उभ्याने चमचे कोंबते ते बघायचं, आडवं ठेवून कोणाला भरवत असतील तर विषय संपला, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पाण्याचा ग्लास हात पोचेल असा ठेवलाय का टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली नको, आणि कंबरेच्या वर लटकवलेलीही नको. वजन दर महिन्याला करतात का, ५० किलोचा माणूस महिन्यात अडीच किलो उतरला तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आत शिरल्यावर लघवीचा वास आला तर वाईटच, पण फिनेलचा घमघमाट आला तरी मी सावध होतो. लिफ्ट, आणि लाइट गेली तर काय. चौथ्या मजल्यावर न चालणारे पेशंट, खिडक्यांना ग्रिल आणि जिन्यात सिलिंडर-गाद्यांचा ढीग असेल तर नको, २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या मुंब्र्यात हॉस्पिटलला आग लागली तेव्हा पेशंट हलवताना चार जण गेले होते. कागदपत्रात, पेशंट ठेवून ट्रीटमेंट करणारं नर्सिंग होम असेल तर १९४९ च्या कायद्याखालचं महापालिकेचं रजिस्ट्रेशन आणि रेटकार्ड भिंतीवर लावलेलं पाहिजे. नुसतं केअर सेंटर असेल तर बहुतेकदा बंगला किंवा दोन फ्लॅट जोडून चाललेलं असतं, तिथे नेमका डॉक्टर कोण येतो, कधी येतो, आणि रात्री काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात हे लेखी घे.

हो, आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही अशा एखाद्या आजोबांकडे बघायचं. प्रत्येक ठिकाणी असतो एक, मुलगा बाहेरदेशी, पैसे वेळेवर येतात, माणूस येत नाही. त्यांची नखं कापलीत का, दाढी कधीची, कवळी तोंडात आहे का डबीत वाळतेय, चष्मा पुसलेला आहे का, कानातलं मशीन चालू आहे का सेल संपलेलं. नेरूळला एका ठिकाणी असे एक मास्तर बघितले, कोणी नाही त्यांचं येणारं, पण दाढी तुळतुळीत, आणि तिथला वॉर्डबॉय मामा त्यांना पेपरातलं शब्दकोडं वाचून दाखवत होता, तेही चुकीचं वाचत होता आणि मास्तर ओरडत होते त्याच्यावर. जागा साधी, गळकी भिंत, लॉबी वगैरे नाहीच. वहिनी बाहेर आल्यावर म्हणाली, इथे माझ्या आईला ठेवेन. तू बंगलोरला, ताई न्यू जर्सीला, म्हणजे काकूंचं वर्षातले कितीतरी दिवस त्या मास्तरांसारखंच असणार आहे, वाईट वाटून घेऊ नको पण आहे ते आहे.

त्या नेरूळच्या ठिकाणी एक बेड रिकामा होतोय. पुढच्या आठवड्यात वहिनीची नाइट संपली की न सांगता परत जाऊ, यावेळी रात्री नऊनंतर, ट्रान्स हार्बर लोकलने सरळ आहे. आत घेतलं नाही तर तेही कळलंच. पटलं तर महिनाभर ट्रायल मागू, डिपॉझिट परत मिळण्याची अट लिहून घेऊनच. डायपर, औषधं, फिजिओ, हॉस्पिटलची सोबत, हे सगळं एक्स्ट्रा लावतात, ३५ हजार सांगितले तर ५० धरून चाल. आणि कधी कुठे फारच वाईट दिसलं, आपल्या काकू असोत की दुसरं कोणी, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

आता तू तीन कामं कर. डिस्चार्ज कार्डचा नीट फोटो पाठव, मागच्या वेळचा हलला होता. चालू गोळ्यांची यादी डोससकट. आणि ताईशी पैशाचं आधी बोलून घे, कोण किती, कधीपर्यंत, नंतर त्यावरून तुमच्यात काही नको. काकूंना मी उद्या जाऊन भेटतो, त्यांना विचारल्याशिवाय मात्र काही ठरवायचं नाही, विसरत असल्या तरी आवडनिवड पक्की आहे त्यांची, खोलीतल्या बाईचं घोरणं चालणार नाही हे त्यांनी मला आत्ताच बजावलंय.

तुझा,
बाळ्या