कारखाना शेवटी, आधी गाव

डिचोली, गोवा
चवथीनंतरचा पहिला रविवार

प्रिय बाब्या,

तुझी मेल मिळाली. जहाजावर व्हिडिओ उघडत नाहीत, बंदर लागलं तरच नेट मिळतं, आणि 'फॉलआउट ४' या अणुयुद्धानंतरच्या व्हिडिओ गेममध्ये माणसं जमली तरी कारखाना काही जमत नाही, तेव्हा सगळं सविस्तर लिहून पाठव, असं तू म्हणतोस. याहून आवडीचं काम तू मला सांगितलंच नसतंस. चवथीच्या धावपळीनं घरचे दमून लवकर झोपलेत, बाहेर पाऊस लागलाय, म्हणून आज हात आखडता घेत नाही.

तू इंजिनरूमचा माणूस. मोटर, पट्टा, वायरिंग हे मी तुला काय शिकवणार? तुझं अडलंय ते दुसरीकडेच. तुझ्या मेलवरून दिसतं की वॉल्ट १११ या तळघरातून बाहेर पडल्यापडल्या सँक्चुअरी या पहिल्याच वस्तीत तू आधी जनरेटर लावलेस, मग यंत्रं, आणि उरलेल्या जागेत माणसांच्या खाटा. हा क्रम उलटा कर. या खेळात कारखाना शेवटी येतो, आधी गाव वसतं.

नदीपासून सुरुवात कर. हातपंप वीज न घेता 3 माणसांचं पाणी देतो, पहिल्या चार-पाच जणांना असे दोन पुरे. पुढे तांबं आणि तेल जमलं की नदीत पाणी शुद्ध करणारा मोठा औद्योगिक प्युरिफायर बसव. एकटा 40 पाणी देतो आणि त्याला वीज लागते फक्त 5. मधल्या आकाराच्या एका जनरेटरवर ते भागतं. गावाला पुरून उरलेलं शुद्ध पाणी वर्कशॉपच्या, म्हणजे वस्तीतल्या बांधकामाच्या बाकाच्या, साठ्यात येऊन पडतं. ते वेळच्या वेळी काढून घेत जा, कारण साठा तुंबला की नवं पाणी जमा होत नाही. तेच पाणी डायमंड सिटी या मोठ्या शहराच्या बाजारात नेऊन विक. बंदूक घेऊन रानोमाळ फिरण्यापेक्षा या पाण्यावर कॅप्स, म्हणजे खेळातले पैसे, लवकर जमतात, आणि मला तरी ही कमाई जास्त मानाची वाटते.

शेतीचा हिशेब सोपा आहे. एक माणूस 6 अन्नाइतकं पीक सांभाळतो, म्हणजे मटफ्रूट या खेळातल्या फळाची 6 झाडं किंवा मक्याची, नाहीतर टाटो या खेळातल्याच पिकाची 12. तिन्ही पिकं लाव, एकाच पिकावर राहू नकोस. मका, टाटो, मटफ्रूट प्रत्येकी 3 आणि शुद्ध पाण्याची 1 बाटली एवढं चुलीवर टाकलं की भाजीचा स्टार्च होतो, आणि एका स्टार्चमधून 5 चिकटद्रव्य सुटतं. बंदुकीच्या बहुतेक सुधारणांना चिकटद्रव्य लागतं, आणि लोक त्यासाठी पडक्या घरांतून टेपची रिळं शोधत हिंडतात. तुझ्या परसात ते पिकतं हे लक्षात ठेव.

खाटा छपराखाली असू देत. उघड्यावर झोपणारा माणूस खूश राहत नाही आणि गावाची खुशी खाली येते. पहाऱ्याचा आकडा अन्न आणि पाणी यांच्या बेरजेपेक्षा वर ठेव, नाहीतर तुझ्याच भरलेल्या कोठारावर धाडी पडतील. माणसांना बोलावणारा रेडिओ बीकन लावलास की ती येत राहतात, पण 10 अधिक तुझा करिश्मा (तुझ्या पात्राचा लोकांवर छाप पाडायचा गुण) यापुढे गाव वाढत नाही. तेवढी झाली की बीकन बंद कर.

आता भंगार. वाटेत टेबलफॅन दिसला की उचल, त्यात स्क्रू आणि गिअर असतात. बल्ब सोडू नकोस, तांब्याशिवाय एक वायरही ओढता येत नाही. पेन्सिलीत आणि व्यायामशाळेतल्या वजनांत शिसं मिळतं. तुला हवा तो घटक शोधयादीत टाकून ठेव, म्हणजे तो असलेल्या वस्तूवर भिंगाची खूण दिसते. पाच-सहा जणांचं गाव झालं की एखाद्याला भंगार वेचायच्या स्टेशनवर लाव, तो रोज थोडंथोडं आणून टाकतो.

करिश्मा 6 वर नेऊन 'लोकल लीडर' हे कौशल्य घे. मग एका वस्तीतला माणूस दुसरीकडे जोडून देता येतो. तो दोन तोंडांची ब्राह्मिन गाय घेऊन पायी ये-जा करतो आणि दोन्ही वस्त्यांचं बांधकामाचं सामान एक होतं. खेळाची 'ऑटोमॅट्रॉन' ही पुरवणी तुझ्याकडे असेल तर या कामाला रोबो लाव, वाटेतल्या हल्ल्यांत ते चांगले टिकतात. अॅबरनाथी फार्म, रेड रॉकेटचा पेट्रोलपंप, सँक्चुअरी असे दोरे जुळत गेले की नकाशावर एक जाळं दिसायला लागतं. ते दिसलं की मला गोळी झाडायची इच्छाच होत नाही. सकाळच्या धुक्यात जुन्या पुलावरून आपला माणूस गाय हाकत येतोय, गळ्यात दिवा, बाजूला ओझं, हे मी नुसतं बघत उभा राहतो. तो कुणाशी बोलत नाही, त्याला काही गोष्ट नाही. पण तो आला म्हणजे पलीकडचं गाव जिवंत आहे.

एवढं झाल्यावर कारखाना. माझा सल्ला आहे की तो सँक्चुअरीत बांधूच नकोस, स्टारलाइट ड्राइव्ह-इन घे. जुन्या उघड्या थिएटरचं गाड्या लावायचं पटांगण आहे ते, सपाट डांबर, ना चढ ना उतार. गंजलेल्या गाड्या मोडल्या की पोलाद हाताशी आणि जागाही मोकळी. मधल्या डबक्यात किरणोत्सारी पिंपं पडलीत, ती आधी हलव, मग तिथेच प्युरिफायर बसतो.

कारखान्यासाठीची 'काँट्रॅप्शन्स वर्कशॉप' ही पुरवणी जून 2016 मध्ये आली. त्यात पट्टे, माल ओतायचे हॉपर, साठवणीच्या पेट्या, वेगळं करणारे सॉर्टर आणि यंत्रं आहेत: कपड्यांचा माग, शस्त्रांची भट्टी, खाद्यपदार्थांचं यंत्र, गोळ्यांचं यंत्र, शोभेच्या दारूचं यंत्र. प्रत्येक यंत्राला एक टर्मिनल वायरनं जोडावं लागतं. हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यावर काय बनवायचं ते निवडायचं. तुझं यंत्र मुकं उभं आहे त्याचं कारण बहुधा हेच, टर्मिनल ठेवलंयस पण वायर ओढलेली नाही. दुसरं कारण माल. वर्कशॉपच्या साठ्यात तांबं आहे म्हणून यंत्राला मिळालं असं होत नाही. कच्चा माल यंत्राच्या पोटात हातानं टाकायचा किंवा पट्ट्यावरून सोडायचा.

गोळ्यांचं यंत्र आधी लाव, कारण त्यातून गाव आणि कारखाना यांचं नातं चटकन कळतं. गोळीला शिसं लागतं, धातू लागतो, आणि लागतं खत. खत ब्राह्मिन देते. गाय तेव्हाच राहते जेव्हा वस्तीला अन्न-पाणी आहे, पहारा आहे, वाटा चालू आहेत. म्हणजे तू ज्याला कारखाना म्हणतोस त्याचं पहिलं टोक गोठ्यात आहे. तू गोठा केलाच नाहीस, म्हणून तुझा पट्टा रिकामा फिरतोय.

पट्टा सरळ आणि छोटा ठेव. मी कुंडईला पॅकिंग लाइनवर आहे, तिथेही हेच बघतो. वळण आलं की माल कडेला घासतो, दोन पट्टे एकाला मिळतात तिथे गर्दी होते, आणि शेवटची पेटी भरली की मागची सगळी लाइन बसते. खेळातही वस्तू खरोखर पट्ट्यावर पडतात, एकमेकांना ढकलतात, खाली घरंगळतात. यंत्राच्या तोंडाजवळ कान देऊन बस. आतून धडधड येते, मग झाकण हलतं आणि पितळी गोळ्यांची खेप टणटणत बाहेर पडते. मला शिफ्टवर दिवसभर हाच आवाज ऐकून कंटाळा येत नाही, आणि रात्री घरी येऊन पुन्हा तोच ऐकावासा वाटतो, यावरून काय ते समज.

खेळात कारखान्यांना तोटा नाही. बॉम्ब पडले 23 ऑक्टोबर 2077 ला, आपण बाहेर येतो 2287 मध्ये, आणि मधल्या 210 वर्षांत ते सगळे तसेच पडून आहेत. लेक्सिंग्टनला कॉर्वेगाचा मोटारींचा कारखाना लागेल, आत जाशील तेव्हा जरा थांबून बघ. अर्धवट गाड्या, उंच पूल, नळ्या, आणि त्यात राहतात ते लुटारू. भोवतीच्या गल्ल्यांत किरणोत्सारानं बिघडलेली, अंगावर धावून येणारी माणसं फिरतात. सॉगसची लोखंडाची भट्टीही तशीच. खरं सॉगस आयर्नवर्क्स मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकातलं आहे. खेळात तिथे आगीनं वेडे झालेले लोक बसलेत. मोठी मोठी यंत्रं पण त्यांना धरून एकही वस्ती उरलेली नाही.

हे बघताना मला आपलंच आठवतं, बाब्या. आमोण्याच्या जेटीवर आपण सायकली टाकून बार्ज मोजायचो. पट्ट्यावरून लोहखनिजाची लाल माती धो धो पडायची, बार्ज पाण्यात खाली खाली बसायची आणि मग मांडवीतून मुरगावकडे. पावसात आग्वादचं तोंड खवळलं की त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या, तुझे काका आपल्याला तो रस्ता बोटानं दाखवायचे. तुझं इंजिनाचं वेड तिथलंच. मग 2012 मध्ये खाणींचं सगळं काम थांबलं. पुन्हा थोडं सुरू झालं, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, मार्चच्या मध्यापासून परत शुकशुकाट. बाबांचा टिपर ताडपत्रीखाली उभा राहिला. त्याच्या मागे गॅरेज गेलं, टायरवाला गेला, नाक्यावरची भजी-पावाची गाडी गेली. हप्ते मात्र राहिले.

खाणी बंद व्हाव्यात की चालाव्यात यावर आपण पुष्कळ भांडलोय, ते इथे नको. मला दिसतं ते एवढंच: आपलं अख्खं गाव त्या पट्ट्याच्या शेपटाला बांधलेलं होतं. शेतात गाळ आला, विहिरींचं पाणी उतरलं, तरी ट्रक चालतोय ना, मग चालू दे, असं सगळेच म्हणत. पट्टा थांबला तेव्हा परत जायला शेत धड नव्हतं. म्हणून मी खेळात पाणी आणि पीक आधी बघतो. माझ्या स्टारलाइटची सगळी यंत्रं उद्या बंद केली तरी तिथला एकही माणूस उपाशी झोपणार नाही, आणि मी ते मुद्दाम तसं बांधलंय. स्वयंचलित म्हणजे माणसाविना चालणारं, असं लोक धरून चालतात. माझ्या मते ज्याच्यामुळे माणसाचे हात मोकळे होतात आणि गाव त्याच्या मुठीत जात नाही, ते खरं स्वयंचलित.

आणि असं बांधणं आपल्याला ठाऊक होतं रे. चोडणला मावशीकडे जायचो तेव्हा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरून पळायचो, त्या बांधातलं पाण्याचं दार, ती मानस आठवते? लाकडी दारं, बिजागरीवर हलणारी. भरती आली की खारं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, माणूस नाही, आत खाऱ्या जमिनीत कोरगुट भात उभं. काँट्रॅप्शन्समध्ये लॉजिक गेट आहेत, दोन्ही बाजूंनी वीज आली तरच पुढे सोडणारं वगैरे. ते पहिल्यांदा जोडताना माझ्या डोळ्यांपुढे मानशीचं दारच होतं. पण दार आपोआप मिटायचं ते बांध शाबूत होता म्हणून, आणि बांध दरवर्षी गावकरी मिळून दुरुस्त करायचे म्हणून. एक भगदाड पडलं की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात.

बाकी बारीकसारीक. वस्तीच्या आकाराला मर्यादा असते, वर पट्टीत दिसते. ती भरली की काही शस्त्रं जमिनीवर टाक आणि वर्कशॉपमधून साठ्यात जमा कर, पट्टी थोडी उतरते. पट्ट्यावर फार वस्तू साचू देऊ नकोस, तुझा लॅपटॉप धापा टाकेल. यंत्रांजवळ खुर्च्या आणि एक छोटा बार ठेव. संध्याकाळी माणसं तिथे येऊन बसतात, त्याशिवाय जागेला गावाची कळा येत नाही. आणि सगळं जमल्यावर शोभेच्या दारूचं यंत्र लाव. त्यातले काही गोळे आकाशात उडवले की हवा बदलते, पाऊस पाडणाराही एक आहे. अणुबॉम्बनं करपलेल्या मुलखात स्वतः पाऊस पाडण्यासारखं सुख नाही.

आई विचारते, डिसेंबरला येतोस ना? आला असशील तर चोडणला फेरीनं जाऊ, मावशीचा धाकटा हल्ली बांधाचं काम बघतो. तोवर पुढच्या बंदरात नेट मिळालं की तुझ्या सँक्चुअरीचे फोटो पाठव: एक वरून, एक गोठ्याचा, आणि टर्मिनलच्या वायरचा जवळून. वायर दिसली की काय चुकतंय ते मी लगेच सांगतो.

तुझाच,
डिचोलीकर